चार बोटं जास्त

मी कॉफीची गाडी बांधून घेतली आणि ती बाहेर काढायच्या बोळापेक्षा चार बोटं रुंद निघाली.

हे एकदम सांगून टाकलेलं बरं. नाहीतर लोक मधेच थांबवून विचारतात, "पण आधी मोजलं नव्हतंस का?" मोजलं होतं. मीच मोजलं होतं. गोची तिथेच आहे.

आमची बिल्डिंग पेणकरपाड्यात. मागच्या बाजूला पंपरूमला लागून थोडी मोकळी जागा आहे. तिथे फुटक्या कुंड्या, कुणाचातरी तीन पायांचा सोफा आणि बिल्डिंगमधली सगळी मांजरं असतात. तिथून पुढच्या गेटकडे यायला एकच वाट, ती म्हणजे बिल्डिंगची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधला बोळ. नोकरी सोडून कॉफीची गाडी टाकायचं ठरवलं, तेव्हा सेक्रेटरींनी ती मागच्या जागेत बांधायची परवानगी दिली. पुढे बांधली असती तर भुसा त्यांच्या स्कूटरवर उडाला असता.

गाडी बांधणार होते उत्तनजवळच्या डोंगरीचे एक म्हातारे मिस्त्री. साधे सुतार नव्हेत. त्यांनी जन्मभर मच्छीमारांच्या होड्या बांधल्या होत्या. मी त्यांना अंकल म्हणायचो, गावातही सगळे तेच म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर त्यांचं पूर्ण नाव विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

मी त्यांच्याकडे गेलो तोही एक योगायोगच. मोबाईलवर मी परदेशातल्या कॉफीच्या लाकडी गाड्या बघत बसायचो. चकचकीत लाकूड, पितळेच्या पट्ट्या, मागे दाढीवाला माणूस. मला दाढी नीट येत नाही, तेव्हा निदान लाकूड तरी चांगलं हवं. एका रविवारी सुके बोंबील आणायला म्हणून स्कूटरवरून उत्तनकडे गेलो. डोंगरीत एका उपड्या होडीखाली एक माणूस उताणा झोपून होडीलाच दम देत होता. "सरल व्ह गं बाय, सरल व्ह. तुझ्या आयशीनं पन असाच तरास दिलेला मना."

मी विचारलं, "अंकल, लाकडाची गाडी बांधाल का? कॉफी विकायला?"

ते बाहेर आले. उंच, हाडकुळे, पांढऱ्या भुवया डोळ्यांवर छपरासारख्या आलेल्या. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "पान्यात जायची हाय?"

"नाही हो. रस्त्यावर."

"मंग बुडायची भीती न्हाय," ते म्हणाले. "बांधतो."

(ते किती चुकीचं बोलले होते हे आम्हा दोघांनाही पुढे कळलं.)

आता होड्या फायबरच्या येतात. लाकडाची नवी होडी कुणी बांधायला सांगत नाही, जुन्यांची फक्त डागडुजी. "ही माझी शेवटची," त्यांनी तिथेच जाहीर केलं. "हिच्यानंतर हत्यारं पेटीत." मला त्याचा अर्थ तेव्हा नीट लागला नाही. मी आपला खूश, की माझी गाडी म्हणजे एका कलावंताची अखेरची कलाकृती वगैरे.

मग त्यांनी विचारलं, "बाहेर काढायची वाट किती हात?"

"मोजून सांगतो. टेप आहे घरी."

"टेप न्हाय." त्यांनी मान हलवली. "टेप कारखान्यानं केला, हात देवानं केला. तू इस्वास कोनावर ठेवशील?"

कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, असं त्यांनी मला करून दाखवलं. मी घरी आलो आणि बोळात भिंतीला गाल लावून, एका पाठोपाठ एक हात टाकत मोजायला लागलो. बायको खिडकीतून बघत होती.

"काय करतोयस?"

"माप घेतोय."

"टेप देऊ का?" ती घरी ब्लाउज शिवते. तिच्या गळ्यात टेप कायम असतो, इतरांच्या मंगळसूत्र असतं तसा.

"अगं, त्यांची एक परंपरा आहे," मी म्हणालो. "हातानंच मोजतात."

"कुणाच्या हातानं?" तिनं विचारलं.

मी हसलो. एवढा नेमका प्रश्न मला त्या अख्ख्या वर्षात दुसऱ्या कुणी विचारला नाही, आणि मी हसलो.

साडेतीन हात भरलं. तसं मी अंकलना कळवलं. त्यांनी दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सोडून, आपल्या हातानं गाडी बांधली. त्यांचा हात माझ्या हातापेक्षा अडीच इंच लांब आहे, हे पुढे माझ्या बायकोनं टेपानं मोजून आम्हा दोघांना सांगितलं. तोवर गाडी उभी होती.

तुम्ही म्हणाल, अंकल रोज त्याच बोळातून आत यायचे, त्यांना दिसलं नाही? दिसत असणार. पण त्यांचा एक नियम होता. मालकानं दिलेलं माप परत मोजायचं नाही. परत मोजणं म्हणजे मालकाला तोंडावर खोटारडा म्हणणं. चाळीस वर्षांत एकाही होडीच्या मालकाचं माप त्यांनी तपासलं नव्हतं. मी त्यांच्या आयुष्यातला पहिला मालक, ज्याचं तपासायला हवं होतं.

ते डोंगरीहून बसनं भायंदरला यायचे, पूल ओलांडून पूर्वेला, मग शेअर रिक्षा. खांद्यावर गोणपाटाची पिशवी आणि तिच्यातून बाहेर डोकावणारा वाकस. वाकस म्हणजे लाकूड तासायचं आडव्या पात्याचं हत्यार, दिसायला कुऱ्हाडीच्या रागीट भावासारखं. एकदा कंडक्टर म्हणाला, हे घेऊन बसता येणार नाही, लोक घाबरतात. अंकल म्हणाले, "मंग याचा पन तिकीट फाड." कंडक्टरनं वैतागून खरंच फाडलं. तेव्हापासून अंकल वाकस शेजारच्या सीटवर ठेवायचे आणि उभ्या माणसांनी कितीही डोळे वटारले तरी उचलायचे नाहीत. "तिकीट हाय त्याचा," म्हणायचे.

काम करताना त्यांना शांतता चालायची नाही. गाणी नकोत, रेडिओ नको. भांडायला माणूस हवा. समोर बसून कुणीतरी काहीतरी चुकीचं बोलायला पाहिजे, म्हणजे ते खोडून काढताना त्यांचा हात चालायचा. पहिले दोन दिवस मी आदरानं गप्प बसलो, तर फळी पुढे सरकेना. तिसऱ्या दिवशी वैतागून म्हणाले, "काय तरी चुकीचा बोल ना, शेट. असा काय बसलाव?"

मी म्हणालो, "पापलेटपेक्षा सुरमई चांगली."

वाकस असा काही चालायला लागला की सांगता सोय नाही. त्या एका वाक्यावर गाडीची एक पूर्ण बाजू झाली. नंतर मला विषय शोधावे लागले नाहीत. मी कॉफीच्या धंद्याबद्दल माझी मतं सांगत गेलो आणि ती सगळी चुकीची निघत गेली. ते म्हणायचे, "तुझ्यासारखा मालक पुन्हा न्हाय भेटायचा."

आता त्या गाडीबद्दल. ती पुढून निमुळती, मधे फुगीर आणि मागे गोल होती. तिला पुढच्या बाजूला नाळ होती, होडीला असते तशी, पाणी कापणारी. पेणकरपाड्याच्या नाक्यावर काय कापायचं, असं मी विचारलं. "गर्दी," ते म्हणाले. फळ्यांच्या फटीत त्यांनी कापूस ठोकून बसवला. वरून दोन हात माशाचं तेल चोळलं. हे तेल चोळत असताना सेक्रेटरी मागे आले. सेक्रेटरी गुजराती, कट्टर शाकाहारी, कांदासुद्धा वर्ज्य.

"भाई, ये वास किस चीज की है?"

अंकल शांतपणे म्हणाले, "दवाई है, सेठ. लकडी की."

सेक्रेटरींनी आणखी एकदा नाक ओढलं. मग गाडीकडे बघून म्हणाले, "और ये नाव छे के गाडी छे?"

"दोनो," अंकल म्हणाले.

ते तेल ही काय चीज आहे, हे धंदा सुरू झाल्यावर कळलं. सकाळी काही वाटायचं नाही. ऊन तापलं की गाडी मंद मंद दरवळायची. माझ्या कॉफीत चॉकलेटचा गंध आहे असं मी पाटीवर लिहिलं होतं. एक गिऱ्हाईक वास घेऊन म्हणाला, "मुझे तो कोळीवाडा का गंध आ रहा है." तेव्हापासून मी फक्त सकाळी साडेसहा ते साडेदहा गाडी लावतो. लोकांना वाटतं ही माझी काहीतरी खास पद्धत आहे. मीही तसंच सांगतो.

आणि ते भोक! कॉफीच्या गाडीत सांडपाणी जायला खाली भोक लागतं. मशीनचं पाणी, कप विसळलेलं पाणी, सगळं एका नळीनं खालच्या डब्यात जावं लागतं. मी अंकलना जागा दाखवली, "इथे एक भोक पाडा, एवढंसं."

त्यांनी वाकस खाली ठेवला. माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांना कुणाचातरी खून करायला सांगितलाय.

"तलाला भोक?"

"पाणी जायला, अंकल."

"चाळीस वर्सं मी पानी आत येऊ नये म्हनून काम केलाय," ते म्हणाले, "अन् आता तू मना सांगतोस भोक पाड?"

नाहीच पाडलं. त्यामुळे गाडी सुरू झाल्यावर पहिले तीन महिने माझ्या गाडीत पाणी साठायचं आणि मी दर अर्ध्या तासानं प्लास्टिकचा मग घेऊन ते उपसायचो. जिममधून येणारी मंडळी कपाची वाट बघत उभी असायची आणि मी ओणवा होऊन गाडी उपसतोय. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "सेठ, डूब रही है क्या?" एवढं खरं की बाहेर एक थेंब गळत नव्हता. चौथ्या महिन्यात अंकल स्वतः गिरमिट घेऊन आले. आधी कपाळाला-छातीला हात लावून क्रूस केला, मग डोळे मिटून भोक पाडलं, आणि लगेच त्यात लाकडाचा खुंटा ठोकून बसवला. "लागंल तवा काढ," म्हणाले. "पन मना दाखवून नको काढूस."

असो. मी पुढचं आधी सांगत सुटलोय. गाडी अजून मागच्या जागेत अडकलेली आहे.

तयार झाली त्या दिवशी अंकलनी तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "ढकल." आम्ही ढकलली. बोळाच्या तोंडाशी ती दोन्ही भिंतींना अशी येऊन टेकली, जसं बाटलीला बूच. मी जोर लावला. अंकलनी जोर लावला. वरून कुणीतरी "थोडा और" असं ओरडलं. मग बायको खाली आली, गळ्यातला टेप काढला, बोळ मोजला, गाडी मोजली, माझा हात मोजला, अंकलचा हात मोजला. सगळे टेपाकडे बघत होते. मांजरंसुद्धा.

"चार बोटं जास्त आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "कुणाच्या हातानं, असं मी विचारलं होतं."

अंकलनी गाडीच्या नाळेवर हात ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "शेवटची हाय," एवढंच बोलले, आणि वाकस पिशवीत घालून बस पकडायला गेले. त्या दिवशी त्यांनी वाकसाचं तिकीट काढलं की नाही, कोण जाणे.

पुढचे आठ दिवस माझ्या घरात कुणी कॉफी हा शब्द उच्चारला नाही. नोकरी सोडलेली. मशीन येऊन पलंगाखाली पडलेलं. सकाळी लोक कामाला जायचे आणि मी मागे जाऊन गाडीत बसायचो, कारण दुसरं जायला ठिकाण नव्हतं. त्यात सेक्रेटरींची चिठ्ठी आली. पंपाची मोटर बदलायची आहे, सोमवारी माणसं येणार, गाडी पंपरूमच्या दारात आहे, रविवारपर्यंत हलवा. नाहीतर सोसायटी तिची विल्हेवाट लावेल. विल्हेवाट म्हणजे भंगारवाला, हे त्यांनी लिहिलं नव्हतं, पण भंगारवाला शुक्रवारी येऊन गाडीला बोटानं टकटक करून गेला.

मग मी माझी दुसरी चूक केली. पहिली निदान अजाणता होती.

मी स्टेशनजवळच्या एका फर्निचरवाल्याला बोलावलं. विजेची करवत घेऊन शनिवारी सकाळी ये, म्हटलं. दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं कापून टाक, वरून सनमायका मार. अंकलना कळवायचं नाही असं ठरवलं होतं. उगाच म्हाताऱ्या माणसाला त्रास कशाला, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

फर्निचरवाल्यानं करवत जोडली, खडूनं रेघ मारली. आणि बोळातून अंकल आले. हातात वाकस नव्हता, पिशवी नव्हती. फक्त जेवणाचा डबा. त्यांनी करवत बघितली, रेघ बघितली, मला बघितलं. चपला काढल्या, एक पाय टाकला, दुसरा टाकला आणि गाडीत जाऊन बसले. डबा उघडला. भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती.

"काप," त्यांनी फर्निचरवाल्याला सांगितलं आणि घास घेतला. "मी हाय आत. मना सोडून काप."

फर्निचरवाला माझ्याकडे बघायला लागला. "सेठ, ये नहीं होगा मेरे से." करवत गुंडाळून तो निघाला. त्याचा दोष नाही.

मी गाडीशी जाऊन उभा राहिलो. "अंकल, माझं चुकलं. मोजायलाही चुकलं आणि हेही चुकलं. पण सोमवारी ती भंगारात जाणार. मी काय करू?"

त्यांनी भाकरीचा तुकडा माझ्या हातात दिला. "आठ दिस मी बी त्याच इचारात हुतो. रात्री झोप न्हाय. आज सकाली कोंबडीची खुराडी आडवी करून धुतली अन् डोक्यात आला. होडी किनाऱ्यावर दुरुस्त करताना आपन काय करतो?"

"काय करतो?"

"आडवी करतो. कुशीवर. कमरेएवढी उंची हाय हिची. कुशीवर घेतली तर बोळात नाचत जाईल." मग एकदम भडकून, "आन् तू हिला कापाय निघालावतास! जितीला!"

बायको खिडकीतून सगळं ऐकत होती. खाली आली. "अंकल, बोळातून जाईल. पण पुढे मीटरच्या केबिनपाशी वळण आहे. लांबीला अडकेल तिथे."

अंकलनी भुवया वर केल्या. दोघं बोळात गेली. मी मागोमाग निघालो, तर दोघांनीही एकदम म्हटलं, "तू थांब." तासाभरानं बघतो, तर बायकोनं टेप आणि टेलरचा खडू घेऊन जमिनीवर गाडीची सगळी वाट आखून काढली होती. इथे नाळ पुढे, इथे थांबायचं, इथे मागची बाजू आधी फिरवायची. अंकल त्या रेघांवर हात टाकत टाकत गेले. शेवटच्या वळणावर उठून उभे राहिले.

"बरोबर हाय," म्हणाले. आणि मग, फार कष्टानं, "हिचा टेप खरा बोलतो."

रविवारी चर्चमध्ये मिसा आटोपून, साडेदहाला, डोंगरीहून टेम्पो आला. आत नऊ माणसं, चर्चच्या कडक इस्त्रीच्या शर्टांत, पायांत बूट, आणि मधे दोराचं एक प्रचंड वेटोळं. बिल्डिंगच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. अंकलनी चाकं काढायला लावली. बोळात फळ्या अंथरल्या. मग कुठूनसा एक डबा काढून फळ्यांवर तेल ओतलं. तेच तेल. चौथ्या मजल्यापर्यंतच्या खिडक्या धडाधड मिटल्या. सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून उभे राहिले, पण गेले नाहीत. बघायचं होतं त्यांना.

गाडी कुशीवर घेतली. मला वाटलं, मोडणार. तिनं एक कण्हल्यासारखा आवाज केला आणि निवांत पडली. दोर नाळेला बांधला. अंकल पुढे, उलटे चालत, दोन्ही हात वर करून. "हैऽऽसा!" एक ओरडला. "हैऽऽसा!" बाकीच्यांनी ओढलं. गाडी तेलावरून अशी सरकली की मी मागून ढकलत होतो तो तोंडावर पडलो. म्हणजे अक्षरशः, तेलात. कुणी थांबलं नाही. बायको वळणावर खडूच्या रेघेपाशी उभी राहून हुकूम सोडत होती, "थांबा! आता मागचं! अजून एक वीत!" नऊ मच्छीमार तिचं ऐकत होते. घरात मी ऐकत नाही म्हणून तिची तक्रार असते, त्या दिवशी तिला खरं ऐकणं काय असतं ते कळलं, आणि माझं अवघड झालं.

मीटरच्या केबिनला गाडी दोन बोटांनी चुकवून गेली. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. सेक्रेटरी रुमाल नाकावरून काढून "जोर लगाओ!" म्हणून ओरडले, आणि मग स्वतःच दचकून पुन्हा रुमाल लावला.

गेटबाहेर, रस्त्यावर, उन्हात ती चाकांवर उभी राहिली. अंकलनी नारळ फोडला, खिशातल्या बाटलीतून चर्चचं पाणी शिंपडलं आणि नाळेवर पांढऱ्या रंगानं नाव लिहिलं. होडीला नाव लागतंच. मी एक इंग्रजी नाव ठरवलं होतं, त्यात शेवटी 'अँड को' होतं. अंकलनी मला विचारलंच नाही. अक्षरं वाळल्यावर वाचलं, तर "घाई न्हाय".

"हे काय अंकल? लोक घाईत कॉफी प्यायला येणार."

"तुझा हात बघितलाय मी," ते म्हणाले. "लोकांना आधीच सांगितलेला बरा."

आणि ते खरंच ठरलं. पहिल्या दिवशी दुधाला फेस आणायला मला इतका वेळ लागला, की एका मुलीचा योगाचा वर्ग संपून ती परत आली तेव्हा तिचा कप तयार झाला. पण चिडायला कुणी तयार नव्हतं. नाळेवर स्वच्छ लिहिलं होतं. आता लोक गाडीपाशी फोटो काढतात, नाळेला हात लावतात, ती पाण्यात टाकली तर तरंगेल का विचारतात. तरंगेल. मी खुंटा नीट बसवला असेल तर. गाडी कधी मागे घ्यायची नाही, हीसुद्धा अंकलचीच अट, म्हणून ठरलेल्या जागेच्या चार पावलं पुढे गेलो तरी मी अख्ख्या नाक्याला वळसा घालून येतो. ओळखीचा ट्रॅफिक हवालदार मला बघून गाड्या थांबवतो.

अंकल दर रविवारी पहाटेच्या मिसानंतर यायचे. गिऱ्हाइकांकडे ढुंकून न बघता गाडीभोवती फिरायचे, फळीवर बोटानं वाजवून कान लावायचे. कॉफी त्यांनी कधी घेतली नाही. स्वतःचा काळा चहा थर्मासमधून आणायचे आणि माझ्याच गाडीवर, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर ओतून प्यायचे. एखाद्यानं विचारलं, की "अंकल, यहाँ चाय भी मिलती है क्या?" तर निम्मा चहा त्याला द्यायचे. माझं एक पक्कं गिऱ्हाईक त्यांनी असं तोडलं. ते आता रविवारी फक्त अंकलसाठी यायचं.

दीड वर्ष झालं आणि धंदा असा काही बसला, की एक गाडी पुरेना. बायको म्हणाली, दुसरी गाडी मी चालवीन, राई गावाच्या रस्त्याला लावीन, आणि तुझ्यापेक्षा लवकर फेस आणीन. तिनं तो घरी कधीच शिकून घेतला होता. पण गाडी कोण बांधणार? अंकलची शेवटची तर होऊन गेली होती. मी तसाच डोंगरीला गेलो, घाबरत. ते ओट्यावर बसले होते. मी सांगितलं.

"मी बोललो न्हाय का, हत्यारं पेटीत?"

"बोलला होतात."

"मंग?"

"मग काही नाही, अंकल. विचारलं आपलं."

ते उठले. आत गेले. लोखंडी पेटीचं झाकण वाजलं. मागोमाग मी डोकावलो. पेटीत वाकस, करवत, गिरमिट, सगळं कपड्यात गुंडाळलेलं, आणि एकावरही गंजाचा ठिपका नाही. तेल ताजं होतं. वास सांगत होता. दीड वर्ष दर आठवड्याला पुसल्याशिवाय हत्यारं अशी राहत नाहीत. त्यांनी वाकस काढला, धारेवरून अंगठा फिरवला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "वाट किती हात?"

मला इतका आनंद झाला, की मी तिथल्या तिथे उजवी बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात पुढे केला. "या वेळी मी अगदी नीट—"

अंकलनी माझ्या हाताकडे बघितलं. मग वाकसाच्या दांड्यानं तो हळूच खाली केला.

"ह्यो हात खिशात घाल," ते म्हणाले. "अन् माप घेवाला बायकोला धाड."